बॉडी अर्थ

डावा इंडिकेटर दिला की
दोन्ही हेडलाइट त्याच्या तालावर मंद होतात,
हॉर्न दाबला तर वायपर दचकून
अर्ध्या काचेपर्यंत येतो.
ब्रेकवर पाय ठेवला की डिझेलचा काटा वर चढतो.
थांबल्याने टाकी भरत असती
तर द्वारकेच्या सिग्नलला मी केव्हाच श्रीमंत झालो असतो.

अठ्ठ्याऐंशीची जीप.
नवी बॅटरी घातली, नवा फ्लॅशर,
डायनमो उतरवून कार्बन बदलले,
फ्यूज किती उडाले ते कुमुदला सांगितलेलं नाही.
ती एवढंच म्हणते, रंगवल्यापासून बिघडलीय.
मी म्हणतो, रंगाचा आणि विजेचा काय संबंध?

असं मी म्हणतो,
ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
विमानांच्या पोटात तारा ओढलेला माणूस.

आज शेवटी सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीत
इलियास कोकणींच्या दुकानापुढे लावली.
निफाडकडची थंडी अजून रस्त्यावरून उठली नव्हती.
मिस्त्रींनी बोनेट उघडलं, बॅटरीकडे बघितलंही नाही,
एक्सलेटरच्या तारेवर बोट ठेवलं
आणि आत बसलेल्या पुतणीला म्हणाले,
जोहरा, सेल्फ मार.
इंजिन कण्हलं. तार तापली.
"हात लावून बघा.
करंटला घरी जायला दार नाही,
म्हणून बिचारा खिडकीतून घुसतोय."

मग मीटर. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर,
लाल इंजिनच्या बोल्टवर.
सेल्फ मार.
दोन पॉइंट एक.
शून्याला चिकटून काहीतरी दिसायला हवं तिथे
दोन व्होल्ट वाटेतच सांडत होते.

"जाणाऱ्या करंटच्या मागे सगळे लागतात, साहेब.
वायर बदला, बल्ब बदला.
परत येणाऱ्याची वाट कोणी झाडत नाही.
हिला अर्थच लागत नाहीये."

ते हसले नाहीत,
म्हणून मीही हसलो नाही.

तेराचा पाना घेऊन मिस्त्री चेसिसपाशी वाकले.
बोल्ट सुटला, तांब्याची वेणी सैल झाली,
थिंबल उचललं
आणि खाली
मोरपंखी रंग.
गुळगुळीत, दोन हात दिलेला,
ब्रशचा एक केसही न चिकटलेला.

माझंच काम.
दिवाळीआधी आठ दिवस, अंगणात,
एकेक बोल्ट काढून त्याच्याखालीसुद्धा,
कारण दिसत नाही तिथेही नीट हवं
असा माझा स्वभाव.

आणि ओझरला नव्या पोरांना
मी पहिल्याच दिवशी सांगायचो:
वेणी बसवण्याआधी रंग खरवडा,
धातू उघडा पडेपर्यंत.
तपासून शिक्का मारायचो.
माझा नंबर चारशे सात.

मिस्त्रींना हे सांगितलं नाही.
त्यांनी काचपेपर माझ्या हातात दिला,
चेहरा वाचून असेल,
नाहीतर त्यांचे गुडघे दुखत असतील.
मीच घासत बसलो.
आधी मोरपंखी पूड बोटांना लागली,
मग खालचा कंपनीचा हिरवा,
मग तांबडा प्रायमर,
मग रुपयाएवढा पांढरा उजेड.

जोहराने बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन फासलं.
सेल्फ.
शून्य पॉइंट एक.
दोनशे झाले, मिस्त्री म्हणाले,
त्यातले पन्नास घासण्याचे, ते तुमचे.

द्वारकेला आडगावकडे वळताना डावा इंडिकेटर दिला.
नुसता इंडिकेटर लागला.
हेडलाइट स्थिर, वायपर झोपलेला.
फक्त डिझेलचा काटा,
आठवडाभर अर्ध्यावर रेंगाळणारा,
हळूहळू उतरत
लाल रेघेला टेकून बसला.

पंप अजून लांब होता.
मी पाय हलका केला
आणि "तुझंच खरं" हे वाक्य
दोन-तीन तऱ्हांनी
मनात म्हणून पाहिलं.