घेताना विचारलं नाही

बैल घेताना मी दात मोजतो.
वाघूरच्या पुलाजवळ जुनी फटफटी घेतली
तेव्हा टॉर्च मारून चेसिसचा नंबर वाचला होता.
टरबुजाला तर दोनदा टिचकी.

हे मात्र चोपड्याच्या एसटी स्टँडमागे,
रसवंतीच्या बाकाखालून,
केळीच्या वाळल्या पानात गुंडाळलेलं घेतलं.
सुपडू म्हणाला, "दोनच वेळा चाललंय."
मी विचारलं नाही, कुणावर.

बावीस हजार. त्यानं मोजलेही नाहीत,
तिथंच कळायला हवं होतं.

घरी दिव्याखाली धरलं:
नंबराच्या जागी कानशीचे ओरखडे,
मुठीला चिकट लाल दोरा,
कुणीतरी देवाचा म्हणून बांधलेला.
नळीला डोळा लावला
आणि लगेच काढला.

मग ते बाजरीच्या कणगीत गेलं.
मेहुण्याशी बांधाचं भांडण होळीलाच मिटलं,
तरी रात्री उठून
मी कणगीला हात लावून येतो.

आज दळण काढताना बायकोच्या हाती लागलं.
ओरडली नाही. ताजव्यात टाकलं,
पाऊण किलोला थोडं जास्त भरलं.
"भंगारवाला बी इचारस," ती म्हणाली,
"हाई कथाईन लयनात?"