नाव

ओल्यांवच्या वाचनालयात, तीन नंबरच्या कॉम्प्युटरपुढे
दोना एर्मेलिंडा बसते, चष्मा कपाळावर चढवून.
ल्योंच्या शाम्पू कंपनीचं पत्र
मी मोठ्यानं वाचून दाखवतो:
'मारुल्या' हा आमचा ट्रेडमार्क,
नोंदणी दोन हजार अकरा, सत्तावीस देशांत.
सदर डोमेन आपण दुष्ट हेतूनं अडवून ठेवलेलं आहे.

दुष्ट हेतू?
कुणाचा, आमच्या झकारियशचा?
अठ्ठ्याण्णव साली घेतलं त्यानं,
नाव रंगवून उरलेल्या पैशांत.
भरती-ओहोटीच्या वेळा टाकायचा, सार्डिनचा भाव,
आणि एकदा चुकून
माझा पोहतानाचा फोटो. दोन दिवस होता तो.
सगळ्या बंदरानं पाहिला.

मग एका फेब्रुवारीत नाव बुडाली.
झकारियश तिसऱ्या दिवशी सापडला.
नाव राहिलं.

वर्षाला अकरा युरो भरते ती,
वीजबिलाच्याही आधी.
पानावरची भरती अजून
त्याच फेब्रुवारीतली आहे, सकाळी सहा चाळीसची.

उत्तराच्या फॉर्मवर सातवा प्रश्न:
'मारुल्या' हे नाव आपण सध्या कशासाठी वापरता?
कुत्र्याला हाक मारायला, ती म्हणते. लिही.
मी तिच्याकडे बघतो.
लिही म्हटलं ना.

मी लिहितो.
जिनिव्हात कुणीतरी हे वाचेल, कॉफी बाजूला सारेल,
आणि ठरवेल नाव कुणाच्या नावावर.

खाली बारीक अक्षरांत: पुरावा जोडावा.

काचेपलीकडे, सायकलींच्या स्टँडला बांधलेलं
एका कानाचं म्हातारं कुत्रं
मघापासून उभंच आहे.
आतून कुणीतरी त्याचं नाव
सारखं घेतंय.