सद्द कम्मी

येळ्ळूरच्या माळावर दर रविवारी
आमचं विमान उडायचं.
चार फुटी पंख, बाल्साच्या काड्या, वर ताणलेला कागद,
नाकात चाळीसचं इंजिन.
त्याच्या आवाजानं सुळग्याची कुत्री आधी उठायची,
मग माणसं.

एकदा निंगव्वा बांधावर येऊन उभी राहिली.
रागावली नाही. म्हणाली, "सद्द कम्मी माड्री,"
आणि आम्हाला नीट कळावं म्हणून,
"म्हस पान्हा चोरालीया बगा."

भरमा मुतगेकर उद्यमबागेत टर्नर.
त्यानं इंजिन उजव्या कानाशी नेलं;
डावा फौंड्रीनं केव्हाच ठेवून घेतलेला.
"आवाज एका जाग्यातनं येत न्हाई," म्हणाला,
"घरातल्या भांडणागत हाय.
एकाचंच तोंड दाबून भागंना."

धुराच्या तोंडाला त्यानं ॲल्युमिनियमची डबी बसवली.
आत दोन पडदे, भोकं समोरासमोर नाहीत,
म्हणजे धूर वाट विचारत विचारत बाहेर पडेल.
इंजिनखाली रबराचे बुश दिले
(काड्या आणि ताणलेला कागद म्हणजे ढोलच की,
आणि आम्ही इंजिन थेट ढोलावर ठोकलेलं).
पंखा एक इंच मोठा घातला, सावकाश फिरणारा.
"टोकं लई जोरात पळाली की वरडत्यात."
हे तो पंख्याबद्दलच बोलत होता.

ताकद थोडी गेली.
विमान जरा जडच उठलं,
एरंडेलाचा वास मागे ठेवत.
आणि इतके रविवार तिथंच असलेलं
ऐकू यायला लागलं:
कागदावरून सरकणारा वारा,
खालच्या वावरात मिरची तोडणाऱ्या बायका,
अर्धं वाक्य मराठीत, उरलेलं कन्नडात,
हसणं कुठल्यातच नाही.
म्हैस चरत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

मी भरमाकडे बघितलं.
रिमोट छातीशी, नजर वर,
कपाळावर घाम.
"चालू हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मला तेव्हा कळलं.
एवढ्या वर्षांत त्याला लांबून ऐकू येणारं
एवढंच एक उरलं होतं.

"हाय की," मी म्हणालो.

दुसऱ्या रविवारी म्हटलं, एक पडदा काढू या.
नको म्हणाला. डबी फडक्यानं पुसली,
पुन्हा बसवली, स्क्रू घट्ट केले.

आता आमचं असं ठरलंय:
इंजिन चालू आहे तोवर
माझा हात त्याच्या खांद्यावर.
उचलला, की उतरवायचं.