गावठी, चायना, साबण

संध्याकाळी पंचवटीच्या मार्केटात
कोथिंबिरीचा लिलाव चढतो.
गावठी. चायना.
शेकडा दोन हजार, एकवीसशे, बावीस…
पाणी मारून मारून
ट्यूबलाइटखाली काळे पडलेले जुड्यांचे ढीग.
व्यापारी म्हणतात, काय वास सुटलाय!
मला वाटतं, कुणीतरी
अख्ख्या मार्केटात कपडे भिजत घातलेत.

लहानपणी आमटीतलं एकेक पान वेचून
ताटाच्या कडेला लावायचे.
"मालावर जगायचं आन मालालाच नाक मुरडायचं?"
"साबण आहे त्यात, आई."
एकदा तिनं चिडून वडीच नाकाशी धरली.
"ह्याला म्हणतात साबण. कळलं?"
कळलं.
तोच वास होता.

आता बहिणीची ऋजुता, गंगापूर रोडच्या कॉलेजातली,
पट्टीबुकाच्या मागच्या पानावर काढून दाखवते:
अकराव्या गुणसूत्रावर वासाच्या जनुकांची आळी.
बरीच घरं कुलूपबंद, आत कुणी राहत नाही.
त्यात हे एक उघडं,
नाव नाही, सातबाऱ्यावरच्या गटासारखा नुसता नंबर,
ओआर सहा ए दोन.
त्याच्या मजकुराबरहुकूम एक प्रथिन विणलं जातं
आणि नाकाच्या छताशी, पेशीच्या पडद्यातून
आत-बाहेर, आत-बाहेर,
कांद्याच्या गोणीचं तोंड शिवताना दाभण जातं तसं.
"किती टाके?"
"सात."
टाक्यांच्या मधोमध एक खळगा.
त्यात अल्डिहाइड येऊन बसतं,
कोथिंबिरीतलं काय, साबणातलं काय,
एकाच भावकीतलं.
"आणि इथे आसपास तुझं एक अक्षर वेगळं असेल. बहुधा.
सगळंच ह्याच्यावर ढकलता येत नाही, मावशी."
लिलावात बहुधा चालत नाही.
तरी बरं वाटलं.
एक आकडा चुकला तर पट्टी फिरते,
हे मला कुणी शिकवायला नको.

"कुणाकडून आलं असेल गं?"

दादा जुडी कधी नाकाशी न्यायचे नाहीत.
दांडी मोडायचे, कानाशी धरून.
कट् वाजली की भाव सांगायचे.
हमाल हसायचे, पोपटशेठ कोथिंबीर ऐकतात.
आणि रविवारच्या मिसळीवरची
चमच्यानं शेजारच्या वाटीत:
"दिवसभर तेच बघतो, घरी कशाला."
चाळीस वर्षं
आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं.

ऋजुता पान फाडून मागते. देत नाही.
समोर चायनाचा नवा ढीग पडलाय.
एक दांडी उचलते,
कानाशी नेते.

कट्.

बावीसशे पन्नास.