टिचकी

बुटीबोरीच्या बसमध्ये डोळे मिटले
की ऐकू येतो इतवारीतला आमचा बोळ:
टण्, टण्, मग एक ठोका रिकाम्या ऐरणीवर,
हाताला श्वास घेता यावा म्हणून.

बाबांनी गुंड कधी मोजून घडवला नाही.
बोटाच्या पेरानं वाजवायचे,
"इथं पातळ झालं बाप्पा," पुटपुटायचे,
पुन्हा ऐरणीवर.
पन्नाशीत उजवा कान गेला.
तेव्हापासून ते गुंडाचा काठ दातांत धरून
ठोका हाडातून ऐकू लागले.
आई म्हणायची, पितळ खाता का आता?

मी पितळी व्हॉल्व तपासते.
शिफ्टला नऊशे, सगळे एका तोंडाचे.
गेज लावायचा, स्क्रीन हिरवी झाली की पुढचा.
परवा एकाला उगाच नखानं टिचकी मारली.
बद्द.
लांजेवार साहेब म्हणाले, "मॅडम, गेज काय म्हणतो?"
गेज पास म्हणत होता.
तरी कापायला लावला.
आत तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी,
काळी, गुळगुळीत,
तिथं कधी कुणाचा हात लागलेला नाही.

रात्री सांगितलं. बाबा हसले नाहीत.
"भंगारात टाकला?"
हो.
"वितळवतील ना?"
वितळवतील.
"मग ठीक हाय."

जरा वेळानं त्यांनी पाट सरकवला,
बहिरा कान टीव्हीकडे केला
आणि म्हणाले,
"तो आवाज कसा होता, पुन्हा सांग."