एक छेद आठ

घणसोलीची शाळा, दुसरा मजला, सहावी ब.
फळ्यावर लिहिलं एक छेद तीन, एक छेद आठ,
आणि विचारलं, मोठा कोण?
आठ! वर्ग इतक्या जोरात ओरडला
की खिडकीच्या गजावरचं कबूतर उडालं.
दर वर्षी असंच होतं.
आठ तीनपेक्षा मोठा, हे त्यांना पहिलीपासून घोटवलंय,
आणि आता मी सांगते,
रेघेखाली गेला की थोरला धाकटा होतो.
कसं पटावं?

पट्ट्या कापून नेल्या होत्या
जुन्या मतदारयाद्यांच्या, पाठकोऱ्या.
दोन, चार, आठ, घड्या आपोआप पडतात.
तिनाची घडी मात्र भांडते.
लोकेशची बोटभर उरतेच,
ती तो दाताने तोडून टाकतो.
म्हटलं, बाजारातही असंच आहे रे,
पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, सगळ्यांना नावं,
तिसऱ्या हिश्श्याला वाण्याकडे नाव नाही.
आठव्याला होतं जुनं. अदपाव.
बसवराज म्हणाला, मस्का लावून, बाई?
वर्ग हसला, मीही.

हर्षाली मढवी खाली मान घालून होती.
तिने आठातले सात चौकोन
पेन्सिलने गच्च काळे केले होते.
"हे आमचं शेत, बाई. दोन एकर. खाडीकडचं.
काळं ते सिडकोला गेलं.
पांढरं ते साडेबारा टक्के."

साडेबारा अठ्ठे शंभर.
अठरा वर्षं हे साडेबारा मी वाचत आले
एजंटांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या पाठीवर,
कधी घडी घालून बघितलं नव्हतं.

मग तिने पट्टी ठेवून
पांढऱ्या चौकोनात दोन रेघा मारल्या.
"मोठे काका, नाना काका, बाबा. आता हा किती?"
चोविसावा, म्हटलं.
"आमची बिल्डिंग चोविसाव्यावर आहे?"
तिने तो तुकडा उजेडात धरला,
भाताच्या लोंबीएवढा,
चार मजले, खाली मोबाईलचं दुकान.

"आत्या धरली असती तर इथे चार झाले असते ना?"
हो.
"मग तुकडा अजून बारीक."
हो.
"म्हणून तिने सही केली!"
आणि तिचा चेहरा असा उजळला
जसा गणित सुटल्यावर उजळतो,
कारण गणित सुटलंच होतं.

शाबास म्हणायचं होतं मला.
पण मला आठवलं कराडचं कचेरीतलं बाकडं,
हक्कसोडीचा कागद, शाईचा अंगठा नको, सही चालेल, ताई.
त्या दुपारी वहिनीने पोळ्या केल्या होत्या पुरणाच्या.
मला अख्खी वाढली, न मोडता, वर तुपाची धार.
माझ्या दोन भावांचा छेद
अजून दोनच आहे.

खिचडीची घंटा झाली. लोकेश सगळ्यात आधी पळाला.
पट्ट्यांचे तुकडे मी केरात भरले,
काळा-पांढरा एक तेवढा वहीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी.
मोठा अपूर्णांक ओळखा. कारण लिहा. गुण एक.
उत्तरसूचीत आहे, अंश समान असताना
ज्याचा छेद लहान तो अपूर्णांक मोठा.
चाळीस जणांनी तसंच लिहिलंय,
काहींनी काना-मात्रेसकट माझंच वाक्य.
बसवराजने आठच लिहिलंय अजून.
हर्षालीने लिहिलंय,
एक छेद तीन. कारण वाटेकरी कमी.
आणि खाली, बारीक अक्षरात,
जे मोजले तेवढेच धरून.

लाल पेनने मी एक लिहिला,
त्याखाली रेघ ओढली,
रेघेखाली पुन्हा एक.
पूर्ण गुण.
मग उगाच बराच वेळ
ती रेघच गिरवत बसले.