सावलीतला किलोमीटर

मुळेगावाच्या जवळ, शहर हाकेवर आलेलं असताना
फोन वाजला : जरा थांबा.
हार आलेत, मांडव झालाय, माईक चालू आहे,
पण पाहुणे अजून घरूनच निघाले नाहीत.
तुम्ही लवकर आलात.

लवकर!
शुक्रवारी पहाटे हैदराबादेतून निघालेले आम्ही बावीसजण,
जहिराबादला पंक्चर, हुमनाबादला कुणाचं तरी पोट,
नळदुर्गच्या अलीकडं वारा असा समोरून
की उतारावरही पायडल मारावं लागलं.
फेब्रुवारीच म्हणायची, पण ऊन सोलापूरचं.
लवकर म्हणे.

मग रसवंतीच्या पत्र्याखाली बसलो,
सायकली कडब्याच्या गंजीला टेकवून.
बिराजदारांनी बूट काढले आणि स्वतःच्या पायांकडं
पाहुणे आल्यासारखं बघत राहिले.
तबस्सुमनं डब्यातली शेवटची कडक भाकरी मोडली,
तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.
शेंगाचटणी बोटांना, बोटांची हँडलला.
बोलायला कुणाकडंच काही नव्हतं.

मी वही काढली.
किलोमीटरला दहा रुपये, असं सांगत
महिनाभर पूर्व भागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या,
मूकबधिर शाळेतल्या एकोणीस पोरांच्या कानांसाठी.
चादरीचा दुकानदार म्हणाला होता,
"आणि मधेच टेम्पोत बसलात तर? कोण बघतंय की?"
वीस किलोमीटर लिहून दिले त्यानं, मोठी सही करून.
विडी घरकुलातल्या अंबुबाई गज्जमनं
मांडीवरचं सूप बाजूला न करता एकच घेतला.
"पण चांगला दे बाई," म्हणाली, "सावलीतला."

तीन दिवस शोधत होते.
उमरग्याच्या आधी चिंचा लागल्या ओळीनं,
म्हटलं, हा तिचा. मोजायला लागले.
चारशे मीटरवर झाडं संपली,
पुढं नुसते बुंधे, नंबर टाकलेले.
अर्धवट कसा द्यायचा?
वहीत तिच्या नावापुढं जागा कोरीच.

साडेतीनला गुंटूक काका दिसले.
एकसष्ट वर्षं, लुंगीवाल्याची ती जुनी काळी सायकल,
सकाळपासून सगळ्यांच्या मागं,
टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले.
लांबून एक ठिपका, मग टोपी, मग चेनचा करकराट.
उतरले. उतरताना पाय उचलेना, तो हातानं उचलला.
बावीस सायकलींतल्या एकवीस बघितल्या त्यांनी,
आमची उष्टी ग्लासं बघितली.
"माझ्यासाठी थांबलात?"

बिराजदार बुटाची नाडी बांधायला लागले.
तबस्सुम म्हणाली, "काका, रस घ्या आधी."
पाहुण्यांचं नाव कुणी काढलं नाही,
तेव्हा नाही, आणि मांडवातही नाही.

निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं.
काकांना पुढं घातलं.
मार्केट यार्ड मागं पडलं, वळलो,
दोन्ही अंगाला यंत्रमागांची शेडं,
खटखट, खटखट, आतून रस्त्यावर सांडणारी,
दारात एक पोरगा कापसानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी
कोण हे येडे, अशा नजरेनं बघत.
गार लागलं दंडाला.
वर बघितलं तर भिंतीची सावली
या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ताभर.
दुपारी आलो असतो तर नसती.
मी मीटरकडं बघितलं आणि मोजायला लागले.

पुढचं नीट आठवत नाही.
हार ओला होता. पाहुणे तीनशे म्हणाले, मीटरवर तीनशे सात.
पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत,
हात वर करून नुसते पंजे हलवले,
मांडवभर पानं हलल्यासारखे,
आणि गुंटूक काकांनीही तसेच हलवले,
जरा चुकत, जरा लाजत.

रात्री पाठ टेकली तरी पाय फिरतच होते.
उठले, दिवा लावला,
वही काढून कोऱ्या जागेत लिहिलं :
अंबुबाई गज्जम. शेवटचा. पूर्ण.
दहा रुपये येणे बाकी.